मॅक्लॅरेन एफ-१ आणि एफ-१ जीटीआर : रस्त्यावरची गाडी आणि रेसची गाडी, नेमका फरक काय?

ग्रॅन टुरिस्मो खेळणाऱ्यांनी गाड्यांच्या यादीत मॅक्लॅरेनची दोन नावं पाहिली असतील, एक नुसती ‘एफ-१’ आणि दुसरी ‘एफ-१ जीटीआर’. दिसायला सख्ख्या बहिणी. फरक एवढाच वाटतो की दुसरीच्या मागे मोठा पंख आहे आणि अंगावर स्टिकर आहेत. दुसरी निवडली की गाडी वळणात रस्त्याला चिकटून चालते, त्यामुळे बरेच जण धरून चालतात की जीटीआरचं इंजिन जास्त ताकदीचं असणार.

प्रत्यक्षात उलट आहे. रेसच्या गाडीची ताकद रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमी होती. टॉप स्पीडही कमी. आणि तरीही १९९५ ची ले मान्सची २४ तासांची रेस तिनेच जिंकली. हे कसं, ते समजून घ्यायचं तर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून बघाव्या लागतील.

त्याआधी नावाचा घोळ मिटवू. ही ‘एफ-१’ म्हणजे टीव्हीवर दिसणारी उघड्या चाकांची फॉर्म्युला वनची गाडी नव्हे. ही दोन दारांची, नंबर प्लेट लावून रस्त्यावर चालवता येणारी गाडी आहे. मॅक्लॅरेन कंपनीने तिला नावच एफ-१ दिलं.

एकूण गाड्या किती?

१९९२ ते १९९८ या काळात सगळ्या प्रकारच्या मिळून फक्त १०६ गाड्या बनल्या. त्यातल्या ६४ साध्या रोड कार, ५ सुरुवातीचे प्रोटोटाइप, ‘एलएम’ नावाच्या ५ आणि तिचा १ प्रोटोटाइप, ‘जीटी’ नावाच्या २ आणि तिचाही १ प्रोटोटाइप. उरलेल्या २८ रेसच्या, म्हणजे जीटीआर. या २८ सुद्धा एकसारख्या नाहीत: १९९५ च्या ९, १९९६ च्या ९ आणि १९९७ च्या १०. नेटवर कुठे ‘शंभर गाड्या’, कुठे ‘चौसष्ट’ असं वाचलंत तर कोण काय मोजतंय ते आधी बघा. बहुतेक वेळा आकडा बरोबर असतो, पण गोष्ट वेगळीच मोजलेली असते.

रोड कार : वजनावर राग असलेल्या माणसाची गाडी

गाडीचा डिझायनर गॉर्डन मरे. हा माणूस आधी ब्राबॅम आणि मग मॅक्लॅरेनसाठी फॉर्म्युला वनच्या गाड्या बनवायचा. १९७८ मध्ये मागे मोठा पंखा लावून गाडीखालची हवा खेचणारी ब्राबॅमची ‘फॅन कार’ त्याचीच. बाहेरचा आकार पीटर स्टीव्हन्सने काढला.

मरेचा हट्ट एकच होता, वजन कमी. गाडीचा मुख्य सांगाडा त्याने पूर्ण कार्बन फायबरचा केला. रस्त्यावरच्या उत्पादनातल्या गाडीत असं पहिल्यांदाच होत होतं. ड्रायव्हर मधोमध बसतो, आणि त्याच्या थोडं मागे दोन्ही बाजूंना एक-एक सीट. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, ब्रेकला सर्व्होची मदत नाही. आजच्या साध्या हॅचबॅकमध्ये जेवढी सुरक्षेची इलेक्ट्रॉनिक्स असते, तेवढीही नाही. सगळं मिळून वजन १,१३८ किलो.

इंजिन बीएमडब्ल्यूचं. पॉल रोशे या इंजिनिअरने ६,०६४ सीसीचं, १२ सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन तयार केलं. मरेने वजनाची मर्यादा २५० किलो दिली होती, इंजिन भरलं २६६ किलो. पण मागितली होती त्यापेक्षा ताकद बरीच जास्त मिळाली, ६२७ पीएस, त्यामुळे तक्रार करायला जागा उरली नाही. (काही ठिकाणी ६१८ बीएचपी लिहिलेलं असतं. आकडा तोच आहे, मोजमापाचं एकक वेगळं.) इंजिनच्या कप्प्यात आतून सोन्याचा पातळ पत्रा लावलाय. तो दिखाव्यासाठी नाही. सोनं उष्णता फार चांगली परावर्तित करतं आणि शेजारी कार्बन फायबर आहे, ज्याला फार उष्णता सोसत नाही.

३१ मार्च १९९८ ला जर्मनीतल्या एरा-लेसियन ट्रॅकवर अँडी वॉलेसने एक्सपी-५ नावाच्या प्रोटोटाइपवर दोन्ही दिशांची सरासरी ताशी ३८६.४ किमी काढली. त्यासाठी इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा वाढवली होती, बाकी गाडी जवळपास शोरूमची. ९० च्या दशकातली, टर्बो नसलेली गाडी!

आपल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट: या गाडीत मोडेम होता. गाडी बिघडली तर मालकाने तो फोनच्या लाइनला जोडायचा, आणि कंपनीचे लोक लांबून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचे. आज आपला फोन ‘डायग्नोस्टिक डेटा पाठवू का?’ विचारतो, तीच कल्पना. तेव्हा बहुतेकांच्या घरी इंटरनेट नव्हतं.

रेस करायची नव्हतीच

मरेने ही गाडी रेससाठी बनवलीच नव्हती, आणि सुरुवातीला तो तयारही नव्हता. पण १९९४ मध्ये युरोपात बीपीआर नावाची नवी जीटी रेस मालिका सुरू झाली. रे बेलम आणि थॉमस ब्शर या दोघा ड्रायव्हरांनी पिच्छाच पुरवला, की तुमच्या गाडीवर आम्हाला रेस करू द्या, नाहीतर आम्ही आपापली बदलून घेऊ. शेवटी मॅक्लॅरेनने स्वतः जीटीआर बनवायला घेतली.

हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. इथे रोड कार आधी जन्मली आणि रेस कार नंतर. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर जीटीआर हा चालू प्रॉडक्टचा फोर्क आहे. कोड बराचसा तोच, काही फाइल बदलल्या, बऱ्याच डिलीट केल्या.

मग बदललं काय?

सर्वात आधी रिस्ट्रिक्टर, कारण ताकदीचं कोडं इथेच सुटतं.

इंजिनला ताकद पेट्रोलने मिळते हे अर्धंच खरं. पेट्रोल जाळायला हवा लागते, आणि जेवढी हवा आत जाईल तेवढंच पेट्रोल नीट जळतं. त्यामुळे रेस भरवणारे हवेच्या वाटेतच एक ठरावीक व्यासाचं भोक बसवायला लावतात. ते भोक म्हणजे रिस्ट्रिक्टर. भोकातून हवा जास्तीत जास्त आवाजाच्या वेगानेच जाऊ शकते. इंजिनाने त्यापुढे कितीही जोर लावून खेचलं तरी जास्त हवा येत नाही. ही भौतिकशास्त्राची भिंत आहे, ट्युनिंग करून ती ओलांडता येत नाही. आयोजकांना हेच हवं असतं. कोणाच्या इंजिनात काय जादू आहे ते तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांचा श्वासच मोजून द्यायचा.

जीटीआरचं इंजिन जवळपास रोड कारचंच होतं. रिस्ट्रिक्टर बसला आणि ताकद ६२७ वरून सुमारे ६०० पीएसवर आली. पण एक मेख आहे. रिस्ट्रिक्टर त्रास देतो तो वरच्या फेऱ्यांना, कारण तिथे हवेची भूक सर्वात जास्त. खालच्या आणि मधल्या फेऱ्यांत गाडीला तो फारसा जाणवत नाही. वळणातून बाहेर पडताना जो जोर लागतो, तो शाबूत राहिला. शिवाय सहा लिटरचं धिप्पाड इंजिन आपल्या पूर्ण क्षमतेच्या थोडं खालीच चालू राहिलं. २४ तासांच्या रेसमध्ये हा तोटा नाही, विमा आहे.

आता तो मोठा पंख. रोड कारचं अंग बऱ्यापैकी गुळगुळीत आहे. जमिनीशी पकड वाढवायचं काम गाडीच्या पोटाचा आकार आणि मागचे दोन छोटे विजेचे पंखे करतात. शेपटीवरची एक पट्टी जोरात ब्रेक मारल्यावर उठते, एरवी झोपलेली. जीटीआरला मात्र मागे कायमचा, कोन बदलता येणारा पंख आला. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा उलटा बसवलेला असल्याने गाडीला खाली दाबतो. याला डाउनफोर्स म्हणतात. टायर जमिनीवर जास्त दाबले गेले की वळणात जास्त वेग झेपतो. वजन न वाढवता पकड वाढते, हीच गंमत. बदल्यात पंख हवा अडवतो, म्हणून सरळ रस्त्यावर टॉप स्पीड कमी होतो.

डाउनफोर्स वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी १८० किमीला जेवढा दाब मिळतो, ६० ला त्याचा फक्त नववा भाग. आपल्याकडे हॅचबॅकच्या डिकीवर पंख लावून सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्यांना हा हिशेब कोणीतरी सांगायला हवा. शिवाय त्यातल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि पंख दाबतो मागची!

ब्रेक. रोड कारलाही कार्बनचे ब्रेक द्यायचा मरेचा विचार होता, पण तेव्हा ते रस्त्यासाठी तयार नव्हते. कार्बन ब्रेक चांगले तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. ट्रॅकवर दर काही सेकंदांनी जोरात ब्रेक लागतो, ते तापलेलेच राहतात. पण सकाळी घरातून निघून पहिल्याच वळणावर समोर कोणी आडवं आलं तर थंड ब्रेक काय करणार? म्हणून रोड कारला पोलादी डिस्क, आणि ले मान्सला धावलेल्या जीटीआरला कार्बन. एका जागी उत्तम असलेली वस्तू दुसऱ्या जागी धोकादायक ठरते, त्याचं हे माझं आवडतं उदाहरण आहे.

आतून गाडी सोलून काढली. प्रवाशांच्या सीट, गालिचे, म्युझिक सिस्टिम सगळं गेलं. त्याऐवजी पोलादी नळ्यांचा पिंजरा आला, गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवायला. रोड कारच्या मागच्या चाकांपुढे दोन्ही कुशींत सामान ठेवायचे कप्पे आहेत. जीटीआरमध्ये त्या जागी थंड हवा आत घेणारी तोंडं आली, आणि नाकावर मधोमध आणखी एक मोठं. सस्पेंशन कडक झालं, गाडी खाली बसली, १७ इंची चाकांच्या जागी १८ इंची आली. वजन उतरून सुमारे १,०५० किलो झालं.

आता हिशेब करा. रोड कारमध्ये दर किलोमागे साधारण ०.५५ पीएस येतात, जीटीआरमध्ये ०.५७. ताकद कमी होऊनही प्रमाण सुधारलं. त्यावर डाउनफोर्स आणि ब्रेक धरा. लॅप टाइम कमी होणारच.

सहा गिअरची हाताने टाकायची पद्धत मात्र तशीच राहिली, आणि मधली सीटही. ड्रायव्हर बदलताना प्रत्येकाला आधी बाजूची जागा ओलांडून मध्ये सरकावं लागे.

ले मान्स, १९९५

सात जीटीआर उतरल्या. जिंकतील असं फारसं कोणाला वाटत नव्हतं, कारण सोबत फक्त रेससाठीच बनलेले प्रोटोटाइप धावत होते. मग पाऊस आला, आणि रेसचा बराच भाग पावसातच झाला. ओल्या रस्त्यावर वेग कमी राहतो, त्यामुळे जीटीआरच्या सर्वात नाजूक भागावर, म्हणजे गिअरबॉक्स आणि क्लचवर, ताण कमी पडला. रात्रीच्या पावसात जे. जे. लेटोने ज्या वेगाने गाडी चालवली, त्याबद्दल लोक अजून बोलतात.

लेटो, यानिक दाल्मा आणि मासानोरी सेकिया यांची ५९ नंबरची काळी गाडी २९८ लॅप मारून पहिली आली, म्हणजे जवळपास ४,०५५ किमी. ले मान्स जिंकणारा सेकिया हा पहिला जपानी ड्रायव्हर. दुसरा आलेला कुराज प्रोटोटाइप, ज्यात मारिओ आंद्रेत्ती होता, फक्त एका लॅपने मागे. तिसरी, चौथी, पाचवी आणि तेरावी पुन्हा मॅक्लॅरेन. तिसरी आलेली गाडी तर बराच वेळ पुढे होती, शेवटच्या टप्प्यात क्लचने दगा दिला.

जिंकलेली गाडी, चासी नंबर ०१आर, मुळात कंपनीची चाचणीची गाडी होती. मॅक्लॅरेनने ती कधीच विकली नाही.

रिस्ट्रिक्टर काढला तर?

याचं उत्तर प्रयोगाने मिळालंय. ले मान्सला पाच गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या म्हणून कंपनीने पाच ‘एफ-१ एलएम’ बनवल्या. रस्त्यावर चालणाऱ्या, पण इंजिन जीटीआरचं आणि रिस्ट्रिक्टर नाही. ताकद थेट ६८० पीएस, वजन १,०६२ किलो. आवाज अडवणारं अस्तर नाही, म्युझिक सिस्टिम नाही. आणि मागे तो कायमचा पंख असल्याने टॉप स्पीड सुमारे ३६२ किमी, म्हणजे कमी ताकदीच्या साध्या एफ-१ पेक्षा कमी. फक्त पीएसचे आकडे बघून गाड्यांची भांडणं करणाऱ्यांसाठी एवढं एक वाक्य पुरे.

मग पॉर्शेने उलटा डाव टाकला

१९९६ ची जीटीआर आणखी हलकी झाली, १,०१२ किलो, आणि तिने जपानची जीटी मालिका जिंकली. पण त्याच वर्षी पॉर्शेने ९११ जीटी-१ आणली. नियम सांगत होता की रेस कारला रोड कारचा आधार हवा. पॉर्शेने आधी रेस कारच बनवली आणि मग नियमापुरत्या थोड्या रोड कार. १९९७ मध्ये मर्सिडीजच्या सीएलके जीटीआरनेही तेच केलं. त्या रोड कार म्हणजे नंबर प्लेट लावलेल्या रेस कार, आणि मॅक्लॅरेनची जीटीआर म्हणजे पंख लावलेली रोड कार. इथेच मॅक्लॅरेन मागे पडायला लागली.

उत्तर म्हणून १९९७ ची ‘लाँगटेल’ आली. नाक आणि शेपूट लांब केली, इंजिन ५,९९० सीसीचं केलं, गिअरबॉक्स सिक्वेन्शिअल, वजन जवळपास ९१५ किलो. त्या लांब शेपटीला मान्यता मिळावी म्हणून मॅक्लॅरेनलाही ‘एफ-१ जीटी’ ही रोड कार बनवावी लागली, एक प्रोटोटाइप आणि दोन ग्राहकांच्या. म्हणजे शेवटी मॅक्लॅरेनही उलट्या क्रमाने चालली. लाँगटेल १९९७ च्या ले मान्सला दुसरी आणि तिसरी आली. वाईट नाही, पण त्या आराखड्याचा जीव तिथे संपला होता.

आज यांची किंमत कशी ठरते?

रोड कार नवी असताना ५,४०,००० पौंडांना होती. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या लिलावात चासी ०२९ ही २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला गेली, तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या आसपास. कारण? ती जेमतेम ३९० किमी चालली होती. उलट २०१९ मध्ये चासी ०१८, जी मॅक्लॅरेननेच नंतर एलएमच्या इंजिनाने आणि पंखाने सजवली होती, ती १ कोटी ९८ लाख ५ हजार डॉलरला गेली. म्हणजे न वापरलेल्या गाडीला आणि कंपनीने बदललेल्या गाडीला बाजार जवळपास सारखंच मोजतो. बाहेरच्या गॅरेजने तेच बदल केले असते तर चित्र वेगळं असतं.

मिस्टर बीन, म्हणजे रोवन ॲटकिन्सन, याने आपली एफ-१ खरोखर वापरली आणि दोनदा ठोकली. २०११ च्या अपघातानंतर विमा कंपनीला दुरुस्तीचे ९ लाख पौंडांहून जास्त मोजावे लागले. गाडी तरीही २०१५ मध्ये सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली. दुरुस्ती मॅक्लॅरेनने केली होती, हे तिथे महत्त्वाचं.

रेस कारचं गणित निराळं. तिथे कमी किलोमीटर ही जाहिरात होत नाही. ती कुठे धावली, कोणी चालवली, कितवी आली, हे बघतात. रेसमध्ये बॉडीचे तुकडे बदलतात, इंजिनं बदलतात, त्यामुळे ओळख टिकते ती चासी नंबरवर. काही जीटीआर पुढे रस्त्यासाठी बदलून नंबर प्लेटसह चालवल्या गेल्या. मला ते चुकीचं वाटत नाही, पण एक अट असावी: बदल परत फिरवता यायला हवेत आणि काढलेला प्रत्येक भाग गाडीसोबत जपलेला असावा. २८ गाड्यांपैकी एकीचा इतिहास पुसला गेला तर तो कुठल्याही बॅकअपमधून परत येत नाही.

बॅकअपवरून आठवलं. या गाड्यांच्या सर्व्हिसिंगला कॉम्पॅकचा १९९० च्या दशकातला जुना, डॉसवर चालणारा लॅपटॉप लागायचा, कारण गाडीशी बोलणारं खास कार्ड त्यातच चालायचं. २०१६ मध्येही मॅक्लॅरेन तेच लॅपटॉप वापरत होती, आणि चालू स्थितीतले सापडत नसल्याने नव्या लॅपटॉपवर चालणारी सोय करायच्या मागे लागली होती. कोट्यवधींची गाडी आणि तिची किल्ली एका भंगारातल्या लॅपटॉपमध्ये. जुना फोन चार्जरअभावी पडून राहतो, त्याचीच ही महाग आवृत्ती.

मरेने पुढे स्वतःची कंपनी काढून २०२० मध्ये टी-५० आणली. पुन्हा तीन सीट, ड्रायव्हर मध्ये, १२ सिलिंडर, मागे ४०० मिलिमीटरचा पंखा. रोड कार १००, आणि फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या ‘टी-५०एस निकी लाउडा’ २५. दोन्ही सुरुवातीपासून सोबतच आखलेल्या. ट्रॅकवाली कोणत्याही रेसच्या नियमात बसवायची नव्हती, म्हणून तिला रिस्ट्रिक्टर नाही, आणि यावेळी रोड कारपेक्षा जास्त ताकद तिच्यातच आहे.